पाणबुडीचा पंखा

नाक्यावर फ्लेक्स चढला तेव्हा सुनंदा भाजीच्या गाडीपाशी गवार निवडत होती. कोवळी तेवढी आपण वेचायची आणि भाजीवाल्या तुळशीनं "वहिनी, जून सगळी माझ्या नशिबी का?" म्हणून ओरडायचं, हा दोघींचा रोजचा खेळ. तेवढ्यात बिल्डिंगमधल्या बनूबाईंनी मागून कोपर मारलं.

"काय गं, राजसी नेव्हीत कधी लागली?"

"नेव्हीत कुठली? गोव्याला असते ती. समुद्राच्या तळाचा अभ्यास करते."

"मग ही पाणबुडी कुणाची?"

सुनंदानं मान वर केली. अंबरनाथ पश्चिमेच्या नाक्यावर, दोन वाढदिवसांच्या शुभेच्छांच्या मधोमध, तिच्या लेकीचा फोटो टांगलेला. आधी ऊर भरून आला. मग अक्षरं दिसली. 'हिवाळी व्याख्यानमाला. वक्त्या : डॉ. राजसी. विषय : समुद्रपातळीतील बदल, प्राचीन पाणबुडीचा पंखा व फळीवरील ठेवी.' आणि वाचणाऱ्याला शंका राहू नये म्हणून शेजारी करड्या रंगाची एक पाणबुडी, तिच्या पाठीवर तीन पात्यांचा छताचा पंखा.

"ठेवी म्हणजे पतसंस्थेचं आहे का काही?" बनूबाईंनी विचारलं. "आमचे हे येतील मग."

शब्द कागदावर असतो तोवर सभ्य असतो. कुणी त्याचं चित्र काढलं, की मग त्याचा खरा चेहरा दिसतो. सुनंदानं हातातली गवार टोपलीत परत टाकली, कोवळी-जून न बघता, आणि घर गाठलं.

ते शब्द तिचेच होते. काना-मात्रा-वेलांटीसकट.

सुनंदा मुरबाडकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा बारावी पास होती आणि इंग्रजीला घाबरत होती. नवरा श्रीपाद अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात अधिकारी. त्यानं एकदा घरी यंत्राची माहितीपुस्तिका आणली, कामगारांसाठी कुणीतरी मराठी करून हवं होतं. सुनंदानं डिक्शनरी मांडीवर घेतली, दुपारभर झोप काढायची सोडून एकेक शब्द उलगडला, आणि पुस्तिका करून टाकली. तिथून तिला ती चटक लागली. आसपासच्या कितीतरी कारखान्यांच्या भिंतींवर 'हात घालण्यापूर्वी यंत्र बंद करा' हे जे लिहिलंय, ते तिचं. कुकरच्या शिट्टीपासून बॉयलरच्या झडपेपर्यंत सगळं तिच्या हातून मराठीत आलं होतं. फॅन म्हणजे पंखा, यात आयुष्यात कधी दगा झाला नव्हता.

म्हणून वाचनालयानं राजसीचं व्याख्यान ठरवलं आणि राजसीनं विषय इंग्रजीत धाडला, तेव्हा सुनंदा म्हणाली, "मराठीचं माझ्याकडे लागलं." सबमरीन? पाणबुडी. फॅन? पंखा. शेल्फ? फळी. डिपॉझिट? ठेव. चारही शब्द खरे, आणि मिळून झालेलं वाक्य ठार खोटं. तिनं ते श्रीपादला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला होता, "छान. वजनदार वाटतंय."

लेकीला एक फोन केला असता तर? पण तो तिनं केला नाही, आणि खरी गोम तिथंच होती. दहावीनंतर राजसीनं आईला अभ्यासातलं काही विचारलं नव्हतं. मग सुनंदानंही तिला कधी काही विचारलं नाही. तू डॉक्टरेट असशील, पण मराठी माझं, असा एक बारीकसा ताठा तिनं मनाच्या डब्यात झाकण लावून ठेवला होता. मजकूर तिनं परस्पर उल्हासनगरच्या छापणाऱ्याला पाठवला. त्यानं फ्लेक्सचा नमुना मोबाइलवर धाडला, तेव्हा ती फोडणी देत होती. उघडून न बघता तिनं उत्तरादाखल अंगठा पाठवला. इतकी वर्षं डिक्शनरीशी झटून शेवटी बाई ठरल्या त्या अंगठाबहाद्दरच.

आता घरी येऊन चष्मा लावून तिनं डिक्शनरी उघडली. सबमरीनखाली दुसरा अर्थ होता : समुद्राच्या पाण्याखालचा. तिथं बोट ठेवून ती नुसती बसून राहिली. कान तापले होते.

तेवढ्यात फोन वाजला. कमळाकरभाऊ, वाचनालयाचे कार्यवाह.

"वहिनी, अहो हे काय छापलंय? सगळं अंबरनाथ हसतंय! पाणबुडीला पंखा? आत बसलेल्यांना उकडतं का?"

सुनंदानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता, खरंच आला होता. पण कमळाकरभाऊंना दुसऱ्याला बोलू द्यायची सवय नाही.

"त्या वासदेवनं घोळ घातला ना? मला वाटलंच. उल्हासनगरचा माल, दुसरं काय! तुम्ही एवढं चांगलं लिहून देता आणि हे लोक त्याची माती करतात. त्याचंच काम ना हे?"

"...हो ना," सुनंदा म्हणाली.

झालं. एवढंच. 'हो ना' हे काही खोटं बोलणं नव्हे, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. 'हो ना' आपण कशालाही म्हणतो. ऊन वाढलंय, हो ना. पाणी आलं नाही, हो ना. पण कमळाकरभाऊंना तेवढं पुरलं. "आजच उतरवतो. नवीन त्याच्याकडूनच घेतो, आणि हे त्याचं शेवटचं काम. व्याख्यानाच्या दिवशी स्टेजवरून खुलासा करून टाकू. वाचनालयाच्या नावाचा प्रश्न आहे."

फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला पुढं जास्त लाज वाटली.

राजसी दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याहून आली ती हसतच. चुलतभाऊ गंधारनं फ्लेक्सचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता.

"आई, फळीवरील ठेवी! मी आमच्या सरांना पाठवलं. ते म्हणाले, पीएचडी परत करा." बॅग खाली टाकून ती ओट्यापाशी आली आणि तव्यावरचा घावन चिमटीनं तोडून तोंडात टाकला. "केलं कोणी पण हे?"

सुनंदाची पाठ तिच्याकडे होती. सांगायला यापेक्षा सोपी वेळ मिळाली नसती. पोरगी हसत होती, घावन गरम होता.

"प्रिंटर गं," ती म्हणाली. "उल्हासनगरचा आहे. त्याला कुठलं मराठी!"

हे मात्र 'हो ना' नव्हतं. हे अख्खं वाक्य होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट, आणि कुणी न विचारता वर फोडणीही घातलेली. बाहेरच्या खोलीत श्रीपादचा पेपर सरसर वाजला आणि जरा वर गेला. त्याच्या डोक्याचा फक्त टक्कल पडलेला भाग दिसू लागला.

राजसीचं हसू ओसरलं. "पण हे बेजबाबदारच ना? तू नीट करून देतेस आणि नाव तुझं खराब. मी बोलू का त्याच्याशी?"

"नको, नको! मी बघते."

राजसी आंघोळीला गेल्यावर श्रीपाद स्वयंपाकघरात आला. पाणी प्यायचं निमित्त.

"वजनदार मी पण म्हटलं होतं," तो म्हणाला.

"मग सांगा ना तिला तुम्हीच."

"माझं काय, मी रिटायर्ड माणूस." त्यानं पेला विसळून पालथा घातला. "कारखान्यात आम्ही म्हणायचो, गळती लागली की आधी व्हॉल्व्ह बंद करायचा. कुणामुळं लागली ते मागनं बघू."

"आणि व्हॉल्व्ह कुठाय?"

"उल्हासनगरला," श्रीपाद म्हणाला आणि पेपरकडे परत गेला.

दुपारी नवीन फ्लेक्स आणायचं निमित्त करून ती निघाली. शेअर रिक्षा, कॅम्प तीनला बदलून कॅम्प एक. जीन्सची दुकानं, पापडाच्या चवडी, दाल-पकवानचा वास. रिक्षात तिनं वाक्य घोकलं : वासदेवभाई, चूक तुमची नाही, माझी आहे. साधं सरळ वाक्य. याला डिक्शनरी लागत नाही.

वासदेवभाईंचं दुकान गल्लीत आत होतं. बाहेर शाईचा वास, आत मशीनची घरघर, आणि गल्ल्यामागं सिंध्यांच्या झूलेलालची तसबीर : पांढऱ्या दाढीचा म्हातारा, नदीच्या पाण्यावर, माशाच्या पाठीवर बसलेला. खाली वासदेवभाई. मेंदीनं लाल झालेले केस आणि कपाळावर चढवलेला चष्मा. तिला बघताच ते उभे राहिले आणि हात जोडले.

"दीदी, सॉरी हां! साईं, मैं आपको मुंह दिखाने के लायक नहीं रहा."

सुनंदानं उत्तरादाखल हात जोडले, आणि घोकलेलं वाक्य मागं राहिलं.

"कमळाकरभाऊंनी फोनवर एवढं झापलं मला, बोलू नका. बरोबरच आहे त्यांचं. मराठी फॉन्टका लफडा होता है दीदी. इधर का काना उधर जाता है, आधा अक्षर पूरा हो जाता है. कधी कधी पूरा शब्दच पलटी मारतो. बैठो ना, उभ्या काय? चाय बोलता हूं."

"वासदेवभाई, तुम्ही... मी पाठवलेला मेसेज परत बघितला का?"

"वो क्या देखना? तुम्ही वाचनालयच्या मॅडम. आपका गलत थोडी होगा." ते मनापासून म्हणाले. मनापासून म्हणत होते हेच वाईट होतं. "माझाच ऑपरेटर. मराठीचं सगळं तीच बघते, स्वप्नाली. बदलापूरके आगे गांव है उसका. मैंने बोला, तू मराठी होके मराठी का ये कचरा करती है? दुकान में सबके सामने बोल दिया. रोते रोते गयी. कालपासून आली नाही."

कॉम्प्युटरपुढची खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर एक निळी ओढणी तशीच लटकत होती, आणि की-बोर्डजवळ प्लास्टिकच्या डबीत बडीशेप.

"मशीनही पुराना हो गया," वासदेवभाई स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "उसी का होगा. है ना?"

"हो ना," सुनंदा म्हणाली.

तिलाच ऐकू आलं ते. चहाचा कप हातात होता, त्याच्यावर साय धरली होती.

राजसीनं लिहून दिलेल्या मजकुराच्या नवीन फ्लेक्सची गुंडाळी बांधून देताना वासदेवभाईंनी विचारलं, "दीदी, इसमें लिखा है सिंधू नदीचा समुद्रतळावरचा गाळ. ये सिंधू मतलब... अपनी वाली?"

"हो. राजसी त्याच्यावरच काम करते."

"मेरी दादी रोज शाम को दिया लगाके उस नदी का नाम लेती थी. मी तर कधी बघितली नाही. मैं आऊं क्या सुनने? चलेगा?"

"या ना," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर श्रीपादनं नुसती भुवई उंचावली. "व्हॉल्व्ह?"

"जाम आहे," सुनंदा म्हणाली आणि गवार निवडायला बसली. आज सगळी जूनच आली होती.

व्याख्यानाला वाचनालयाचा वरचा हॉल भरला. एरवी अशा विषयाला एवढी माणसं येत नाहीत. निम्मी पाणबुडी बघायला आली होती. बनूबाईंचे यजमान ठेवींच्या आशेनं पुढच्याच रांगेत. आभार मानायचं काम सुनंदाकडे, म्हणून तीही पुढं. वासदेवभाई मागून तिसऱ्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्यानं चापून.

कमळाकरभाऊ माइकपाशी उभे राहिले. "सुरुवातीला एक खुलासा. नाक्यावरचा फ्लेक्स आपण सगळ्यांनी पाहिला. वाचनालयाकडून शुद्ध मराठीच गेलं होतं. पण छापून आलं उल्हासनगरहून! आणि आपल्या उल्हासनगरकरांची मराठी..." ते थांबले. कुठं थांबायचं हे त्यांना बरोबर कळतं. "...तिथं जीन्स जशी फाटकीच फॅशनेबल, तशीच ती!"

हॉल हसला. सुनंदानं मागं पाहिलं. वासदेवभाईही हसत होते. मग ते अर्धवट उठले, सगळ्या हॉलकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "सॉरी हां, सॉरी." त्यावर लोक आणखी हसले, आता जरा प्रेमानं. ते प्रेम बघून सुनंदाला साडीच्या पदराखाली दडून बसावंसं वाटलं. उठावं, आत्ता उठावं, असं तिचे गुडघे म्हणत होते. पण राजसी स्टेजवर चढली होती, पाण्याची बाटली उघडत होती, आणि सुनंदाच्या मनानं ती सबब दोन्ही हातांनी पकडली. पोरीच्या व्याख्यानात विघ्न नको. नंतर.

राजसी बोलायला लागली. तिच्या मराठीत इंग्रजी खडे होते, पण ओघ होता.

"समुद्र आहे तिथंच कायम असतो असं आपल्याला वाटतं. भरती-ओहोटी होते, ती रोजची. मी बोलणार आहे ती हजारो, लाखो वर्षांची. मागच्या हिमयुगात पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं, की समुद्र आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होता. तेव्हा मुंबईचा किनारा मुंबईला नव्हता, तो पार पश्चिमेला गेला होता. आपली उल्हास नदी बदलापूरवरून वाहत यायची आणि आज जिथं मासेमारीच्या बोटी जातात, त्या सगळ्या जमिनीवरून चालत चालत समुद्र शोधत जात असणार."

बदलापूरचं नाव निघताच मागं कुणीतरी "वा!" म्हटलं.

"किनाऱ्याला लागून जो उथळ सपाट भाग असतो, त्याला शेल्फ म्हणतात. फळी म्हटलंत तरी माझी हरकत नाही." लोक हसले. राजसीही हसली. "समुद्र वर असतो तेव्हा नदी आपला गाळ या फळीवर, तोंडाशीच टाकते. दूर खोलात तेव्हा फक्त बारीक चिखल साठतो, अगदी हळूहळू. पण समुद्र उतरला की फळी उघडी पडते. नदी तिच्यावरून वाहायला लागते आणि तिला खणते. आधी साठलेला जुना गाळसुद्धा उकरते आणि फळीच्या कडेवरून खाली लोटते. तो समुद्रातल्या दरीतून घसरत घसरत तळाला जातो आणि तिथं पसरतो. असा."

तिनं मनगट जवळ धरून पंजा उघडला.

"माझ्या आजीकडे ताडाच्या पानाचा विंझणा होता. दांडा अरुंद, पुढं पसरट. तस्साच आकार. त्याला इंग्रजीत फॅन म्हणतात."

विंझणा! सुनंदाच्या आईचा विंझणा, मुरबाडच्या घरी खुंटीला असायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत झोपलेल्या राजसीला सुनंदाच त्यानं वारा घालायची. शब्द घरात होता, हाताला सवयीचा होता, आणि ती बसली होती डिक्शनरीत शोधत. एक फोन केला असता तर लेकीनं हसत हसत तिचाच शब्द तिला परत दिला असता.

"मग आम्ही तळात खोल भोक पाडून गाळाची लांब कांडी काढतो," राजसी सांगत होती. "जाड वाळू लागली, की म्हणायचं, तेव्हा समुद्र बहुधा खाली होता. बारीक चिखल लागला, की बहुधा वर होता. बहुधा म्हणते, कारण नद्या लबाड असतात. सिंधूची दरी किनाऱ्याच्या इतकी जवळ येते, की समुद्र वर असतानाही थोडा गाळ निसटून खाली जातोच. आणि एकदा तळाला गेलेली गोष्ट पुसली जात नाही. वरून नुसतं पाणी दिसतं."

सुनंदा स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होती. तिच्या तोंडून निसटलेला एक 'हो ना' कमळाकरभाऊंवरून घरंगळला होता, वासदेवभाईंवरून खाली गेला होता, आणि आणखी खाली, बदलापूरच्या पुढं, तिनं कधी न पाहिलेल्या एका मुलीच्या घरात जाऊन पसरला होता. वर सगळं छान होतं. वर टाळ्या वाजत होत्या.

प्रश्नांच्या वेळी वासदेवभाईंनी हात वर केला. "मॅडमजी, ये सिंधू की मिट्टी किधर तक आयी है?"

"खूप दूरवर. समुद्राच्या तळावरून दक्षिणेकडं पसरत, आपल्या मुंबईच्या सरळ पश्चिमेला, खोलात पोचलीये."

वासदेवभाईंनी डोकं हलवलं. हिशेब जुळवल्यासारखं.

"मतलब हमारी मिट्टी इधर पहले पहुंच गयी. हम लोग बाद में आये."

या वेळी कुणी हसलं नाही. टाळ्या पडल्या, आणि त्या थांबेपर्यंत कमळाकरभाऊंनी नाव पुकारलंसुद्धा, "आभारप्रदर्शन, सुनंदावहिनी."

माइक तिच्यासाठी उंच होता. कुणीतरी येऊन तो वाकवला. तिनं ग्रंथपालांचे आभार मानले, हॉल झाडणाऱ्या विठाबाईंचे मानले, श्रोत्यांचे मानले. कागदावरची नावं संपली.

"आणि आमचे मुद्रक वासदेवभाई, यांचे आभार," ती म्हणाली. "त्यांनी मी लिहून दिलं तेच छापलं. काना-मात्रेसकट. पाणबुडीचा पंखा माझा आहे. फळीवरच्या ठेवी पण माझ्याच. त्यांनी छापण्याआधी नमुना पाठवला होता. मी न बघता अंगठा पाठवला. नंतर मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. उल्हासनगरची मराठी चांगली आहे. अंबरनाथच्या बाईचीच वाईट निघाली."

लोक हसतील, याची तिनं तयारी केली होती. हसले असते तर सुटली असती. पण कुणीच हसलं नाही. एक खुर्ची करकरली. बनूबाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि परत ठेवला. कमळाकरभाऊ माइकची वायर अशी निरखत होते, जसं काही आत्ताच तिचं संशोधन करायचंय. सुनंदानं राजसीकडे बघायचं टाळलं आणि खाली उतरली.

जिन्यापाशी वासदेवभाई थांबले होते. तिला वाटलं होतं, ते हात जोडतील, जाने दो म्हणतील. त्यांनी हात जोडले नाहीत.

"दीदी, आपने मेरे को दुकान में क्यूं नहीं बोला? चाय पी ना आपने मेरे साथ."

"लाज वाटली."

"और मैंने उस लडकी को..." ते थांबले. चष्मा कपाळावरून खाली ओढला, पुन्हा वर चढवला. "उसको अब मैं क्या बोलूं?"

"मी बोलते," सुनंदा म्हणाली. "पत्ता द्या."

राजसी घरापाशी रिक्षातून उतरल्यावर म्हणाली, "मला विचारलं का नाहीस, आई?"

"तू हसशील म्हणून."

"हसलेच असते." राजसीनं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःकडे घेतली. "आणि मी काय म्हणाले असते माहितीये? मला सुद्धा मराठी शब्द माहीत नव्हता गं. काल रात्री विंझणा आठवेपर्यंत मी पण पंखाच लिहिलं होतं."

हे ऐकून सुनंदाला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चूक माफ झाली होती. 'त्याला कुठलं मराठी' हे वाक्य मात्र अजून तव्यापाशी उभं होतं, आणि त्याच्याबद्दल राजसीनं काही विचारलं नाही. विचारलं नाही, म्हणजे तिला ते चांगलंच लक्षात होतं.

स्वप्नालीचं गाव बदलापूरच्या पुढं, बॅरेजच्या बंधाऱ्यावरून आत. सकाळी सुनंदा एकटीच गेली. अंगणात भात उकडायला ठेवलेला, शेजारी स्वप्नाली केस वाळवत बसलेली. वासदेवभाई सांगत होते त्यावरून सुनंदाला ती पोरसवदा वाटली होती. ही तिशीची, भरल्या अंगाची, ठाम हनुवटीची बाई निघाली.

सुनंदानं सांगितलं. उभ्यानंच. इथं माइक नव्हता, आभाराचं निमित्त नव्हतं, त्यामुळं वाक्य फार छोटं झालं.

स्वप्नालीनं सगळं ऐकून घेतलं. केसांची गाठ मारली.

"मी तवापासून ह्योच इचार करतेय," ती म्हणाली. "कंचा शब्द माज्या हातनं हालला? त्या फाइलीत जोडाक्षरं फुटली व्हती, ती मी नीट केली. मना वाटला, तवाच कायतरी झाला. आई म्हनली, डोले तपासून घे." मग तिनं विचारलं, "शेठना सांगितलात?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर, काल हॉलमध्ये."

"हॉलमधी." स्वप्नालीनं मान हलवली. "मना बोलले ते दुकानात. तिथं कापडवाला व्हता, चायवाला व्हता. त्यांना कुठं ठावं हाये तुमचा हॉल?"

सुनंदाला ते पटलं. खरंच, खुलासा आपण तिथं केला जिथं आपल्याला टाळ्यांची सवय आहे.

"दुकानात येते," ती म्हणाली. "तू येशील त्या दिवशी. चहावाला असेल तेव्हा."

"सोमवारी येनार मी," स्वप्नाली म्हणाली. पाणी द्यायला ती उठली आणि दारात वळली. "आनि बाई, पुढच्या टायमाला अंगठा नका धाडू. वाचा, आनि 'वाचलं' असा लिवा."

सोमवारी सुनंदा गेली. चहावाला होता, कापडवालाही होता. तिनं सांगितलं. चहावाल्याला त्यातलं काही कळलं नाही, पण तो "अच्छा, अच्छा" म्हणाला. स्वप्नालीनं खुर्चीवरची निळी ओढणी झटकली आणि मशीन सुरू केलं. वासदेवभाईंनी चहा मागवला. सुनंदाला पण दिला. 'बैठो' मात्र म्हणाले नाहीत.

फ्लेक्स कधी वाया जात नाही. उतरवलेला तो पाणबुडीचा फ्लेक्स कमळाकरभाऊंच्या गच्चीवरून कसा कोण जाणे तुळशीकडे पोचला, आणि भाजीच्या गाडीवर छप्पर म्हणून चढला. ऊन वरून पडलं की करडी पाणबुडी आणि तिचा पंखा खालच्या भाजीवर हिरवट-निळे डाग टाकतात. राजसीचा फोटो दोरीच्या गाठीखाली गेलाय. विषय मात्र ठळक दिसतो.

सुनंदा आधी दुसऱ्या नाक्यावरून भाजी आणायला लागली होती. तिथली गवार चांगली नसते. मग एक दिवस ती इथं आली, मान खाली घालून शेंगा वेचू लागली. तुळशी तिच्याकडे बघत होती, वर बघत होती, पुन्हा तिच्याकडे.

"वहिनी, लोक इचारतात मला, ह्ये वर काय लिवलंय म्हणून. ह्ये तुमीच लिवलं व्हतं म्हनं?"

बनूबाई शेजारी वांगी चाचपत होत्या. त्यांचा हात थांबला.

सुनंदाचे कान तापले, तसेच, पहिल्या दिवसासारखे. तिनं एक जून शेंग उचलली, मोडून पाहिली, आणि तरीही पिशवीत टाकली.

"हो ना," ती म्हणाली.